सांगवीचा ऊंस आणि दिल्लीचें सभागृह

खेड्यांतून निवडून गेलेला एखादा खासदार लोकसभेंत उभा राहून रेल्वेच्या फाटकाची, नासलेल्या नदीची किंवा थकलेल्या ऊंसबिलाची गोष्ट काढूं लागला म्हणजे शहरांतील सुशिक्षित मंडळींच्या ओठांवर एक विशिष्ट हसूं उमटतें. हे गृहस्थ जिल्हा परिषदेंत शोभले असते, राष्ट्राच्या सर्वोच्च सभेंत यांचें काय काम, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. उलटपक्षीं, तोच खासदार परराष्ट्रनीतीवर किंवा राज्यघटनेवर बोलला तर गांवच्या पारावरची मंडळी म्हणतात, आमचा माणूस दिल्लीस गेला आणि आम्हांला विसरला. दोन्हीकडील समजुतींचें मूळ एकच आहे. स्थानिक प्रश्न निराळे, राष्ट्रीय प्रश्न निराळे, आणि प्रतिनिधीनें त्यांपैकीं एक पत्करून दुसरे सोडावे, असें उभयतांनीं गृहीत धरलें आहे. हें गृहीत तपासून पाहण्यासारखें आहे; विशेषतः ज्यांचा रोजचा व्यवहार साखर, कांदा, गूळ आणि धान्य यांच्या भावांशीं बांधलेला आहे त्या आमच्या व्यापारी वाचकांनीं तरी तें तपासलेंच पाहिजे.

सांगवीचें उदाहरण घेऊं. पुण्यास चिकटलेली सांगवी नव्हे; बारामतीहून फलटणास जातांना नीरेकांठीं लागते ती. नदी ओलांडली कीं सातारा जिल्हा. माळेगांवच्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकींत सांगवी हा एक स्वतंत्र गट धरला जातो, एवढ्यावरून येथील संसार कोणत्या पिकावर चालतो हें कोणासहि ओळखतां येईल. आतां या सांगवींतील शेतकऱ्यानें, माझ्या उंसाला अमुकच दर कां, असें विचारलें तर त्याचें उत्तर माळेगांवास नाहीं, बारामतीस नाहीं, आणि मुंबईस आहे तें अर्धवट आहे. जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याखालीं १९६६ सालीं ऊंस नियंत्रण आदेश निघाला, आणि त्या आदेशान्वयें उंसाचा वैधानिक दर केंद्र सरकार ठरवितें. २००९ पर्यंत त्यास किमान दर म्हणत. त्यानंतर ‘रास्त व किफायतशीर दर’ असें भारदस्त नांव मिळालें, आणि गांवोगांव लोक त्याला एफआरपी म्हणूं लागले. २०२५-२६ च्या हंगामासाठीं हा दर सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये ठरला. उतारा त्याहून वर गेल्यास प्रत्येक दशांश टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक. त्यांतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरेल तें शेतकऱ्याच्या हातीं. पैसे चौदा दिवसांत द्यावे, न दिल्यास शेंकडा १५ दरानें व्याज द्यावें, असें तोच आदेश सांगतो.

कायदा असा स्पष्ट असतांहि काय घडलें तें पाहा. महाराष्ट्र सरकारनें २०२२ च्या फेब्रुवारींत एक ठराव काढून हा दर दोन हप्त्यांत देण्यास मोकळीक दिली. पहिला हप्ता मागील उताऱ्याच्या अंदाजानें, दुसरा हंगाम संपल्यावर. कारखानदारांस हें सोयीचें होतें, व त्यांची अडचण अगदींच खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. साखर विकली जाण्यापूर्वीं उंसाचे पैसे मोजावयाचे तर कर्ज काढावें लागतें. परंतु केंद्राच्या आदेशानें जें चौदा दिवसांत द्यावयाचें तें प्रांताच्या ठरावानें हंगामाच्या अखेरीपर्यंत लांबवितां येतें काय, हा प्रश्न कोणाहि वकिलाच्या तोंडाला पाणी सुटावें असा होता. माजी खासदार राजू शेट्टी यांनीं तो न्यायालयांत नेला, आणि २०२५ च्या मार्चमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो ठराव रद्द केला. म्हणजे सांगवीच्या शेतकऱ्याचा दुसरा हप्ता हा वरवर गांवचा प्रश्न, आंतून केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या सीमेचा प्रश्न होता. याहून अधिक राष्ट्रीय प्रश्न तो कोणता?

दुसरी बाजू व्यापाऱ्यांस अधिक परिचयाची आहे. कारखान्यानें साखर किमान किती दरानें विकावी हेंहि दिल्लीच ठरवूं लागली. २०१८ च्या जूनमध्यें हा दर किलोस २९ रुपये ठरला, २०१९ च्या फेब्रुवारींत ३१ झाला. त्या हंगामांत उंसाचा दर क्विंटलास २७५ रुपये होता. तो पुढें ३५५ पर्यंत चढत गेला, आणि साखरेचा किमान दर मात्र वर्षामागून वर्षें ३१ वरच बसून राहिला. एक पारडें वर उचलावयाचें आणि दुसरें दगडाखालीं ठेवावयाचें, मग कारखाना तोट्यांत कां व बिलें थकलीं कां म्हणून सभासदांनीं संचालकांस आणि संचालकांनीं सभासदांस दोष द्यावयाचा, हा खेळ आमच्या सहकारी क्षेत्रांत चांगला रंगला आहे. संचालक मंडळांचे दोष पुष्कळ आहेत, व ते आम्हांस ठाऊक आहेत. पण या हिशेबांतील कांहीं आंकडे दिल्लींत लिहिले जातात हें न सांगतां केलेली टीका अर्धी राहते.

कोणी म्हणेल, हें सर्व आज सुचलेलें शहाणपण आहे. पूर्वीं शेतकरी आपला, कायदेमंडळ आपलें. असें म्हणणाऱ्यानें बारामती तालुक्यांतीलच सुप्याचें स्मरण करावें. त्या वेळीं हा भाग भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुप्याच्या बाजारीं जमलेल्या रयतेनें सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, कर्जाचीं खतें आणि वह्या बाहेर काढून जाळल्या, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला आलेला भाव, युद्ध संपतांच झालेली घसरण, त्यावर वाढविलेला सारा, आणि रोखा हातीं येतांच डोळे मिटून हुकूमनामा देणारीं दिवाणी न्यायालयें, इतकीं कारणें त्या एका दिवसामागें होतीं. अटलांटिक समुद्रापलीकडील लढाईचे धागे सुप्याच्या बाजारापर्यंत आले होते. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. मुंबई इलाख्यांतील एका कोपऱ्याच्या दंग्यावर विचार करण्यास गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलास बसावें लागलें. पण त्या कौन्सिलांत सुप्याच्या रयतेनें निवडलेला एकहि मनुष्य नव्हता, आणि ज्यांचीं दुकानें लुटलीं गेलीं त्या व्यापाऱ्यांनीं निवडलेलाहि नव्हता. दोघांविषयीं तिसरेच बोलले. शेतकऱ्यास सभागृहांत तोंड नसलें म्हणजे त्याचा हात प्रथम शेजारच्या दुकानदारावर पडतो, हें सुप्याचें प्रकरण पेठेंतल्या प्रत्येक वखारवाल्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें बोलणारे आले, पण ते शहरांतून आले. १९०१ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत जमीनमहसुलाचें विधेयक आलें; सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देतांना तिच्या विक्रीचा अथवा गहाणाचा हक्क शेतकऱ्यास ठेवूं नये असा त्याचा रोख होता. फिरोजशहा मेहता व गोपाळराव गोखले प्रभृति सभासद त्याचा निषेध म्हणून सभागृह सोडून गेले. १९०२ पासून गोखल्यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत मिठावरील कराचा विषय लावून धरला. मणामागें अडीच रुपयांचा तो कर १९०७ पर्यंत टप्प्याटप्प्यानें एक रुपयावर आला. मिठाची चिमूट ही घरोघरची बाब, पण तिच्यावर बोलावयाचें तर साऱ्या साम्राज्याचा जमाखर्च उलगडावा लागे, आणि गोखल्यांनीं तो उलगडला. ही विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं.

शेतांतला मनुष्य स्वतः त्या सभेंत जाऊन बसला तो मतदानाचा हक्क सर्वांस मिळाल्यावर. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्यांतील ठळक नांव. वाळवें तालुक्यांतील येडेमच्छिंद्र हें त्यांचें गांव. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळींत उतरलेला हा मनुष्य बेचाळीसच्या लढ्यानंतर सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकारचा आधारस्तंभ झाला. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत ते साताऱ्यांतून लोकसभेंत गेले, १९६७ सालीं बीडमधून पुन्हा गेले. लोकसभेंत मराठींतून भाषण करणारे म्हणून त्यांची ख्याति आहे. घटनेच्या १२० व्या कलमान्वयें संसदेचें काम हिंदींत किंवा इंग्रजींत चालावयाचें; या दोन्ही भाषांत ज्यास आपलें म्हणणें नीट मांडतां येत नाहीं त्यास अध्यक्ष मातृभाषेंत बोलण्याची परवानगी देऊं शकतात. कलमाचे शब्द पाहिले तर ही सवलत अडलेल्यासाठीं आहे, जणूं कांहीं इंग्रजी न येणें हें एक अपंगत्व. नाना पाटलांसारख्यांनीं तिचा उपयोग केला तेव्हां ज्या भाषेंत मतें मागितलीं त्याच भाषेंत मतदाराचें गाऱ्हाणें सर्वोच्च सभेंत उच्चारलें गेलें. आतां तर सभागृहांत मराठीचें भाषांतर तत्क्षणीं करणारे दुभाषे असतात. तरीहि आमचे कित्येक प्रतिनिधि मोडक्यातोडक्या हिंदींत अडखळतात आणि सांगावयाचा मुद्दा अर्ध्यावर टाकून खालीं बसतात, याचें कारण लाज. मतें मागतांना न वाटणारी लाज बोलतांना कां वाटावी, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

बारामतीचा मतदारसंघ या बाबतींत विशेष अभ्यासण्यासारखा आहे. १९५७ सालीं येथून केशवराव जेधे गेले, जे घटना समितींतहि बसले होते. १९७७ सालीं व पुन्हा १९८५ च्या पोटनिवडणुकींत निंबुतचे संभाजीराव काकडे गेले. १९८० व १९८९ सालीं इंदापूर तालुक्यांतील बावड्याचे शंकरराव पाटील गेले. शरद पवार यांचें नांव तर या मतदारसंघाशीं इतकें जोडलें गेलें आहे कीं त्यांनीं १९८४ पासून येथून किती निवडणुका जिंकल्या हें सांगत बसण्याची गरज नाहीं. २००४ ते २०१४ अशीं दहा वर्षें ते देशाचे कृषिमंत्री होते, त्यांतील पहिलीं पांच बारामतीचे प्रतिनिधि म्हणून. या भागाला मोठ्या माणसाचा फायदा झाला यांत वाद नाहीं. परंतु एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं, ती आम्ही बोलतों. मंत्री प्रश्नास उत्तर देतो. तो प्रश्न विचारीत नाहीं. ज्या मतदारसंघाचा प्रतिनिधि सरकारी बाकांवर पहिल्या रांगेंत बसतो, त्या मतदारसंघाचीं कामें कचेऱ्यांतून होतात, पण त्याचे प्रश्न सभागृहाच्या दप्तरांत उमटत नाहींत. काम झालें कीं पुरे, दप्तर कशास, असें व्यवहारी मनुष्य म्हणेल. वकिलास मात्र ठाऊक असतें कीं तोंडी आश्वासन देणारा बदलून गेला म्हणजे कागदाखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाहीं.

हा कागद मिळवावयाचा मार्ग अवघड नाहीं. लोकसभेचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. रोज वीस तारांकित प्रश्न सोडत काढून निवडतात. त्यांस मंत्र्यानें उभें राहून उत्तर द्यावयाचें, व त्यावर उपप्रश्न विचारतां येतात. इतर दोनशें तीसांवर लेखी उत्तर येतें. सूचना किमान पंधरा दिवस आधीं द्यावी लागते. नियम ३७७ खालीं अडीचशें शब्दांच्या आंत एखादा विषय मांडला तर संबंधित खातें पुढें लेखी कळवितें. शून्य प्रहरांत तांतडीची तक्रार करतां येते. तिला उत्तर देण्यास मंत्री बांधलेला नसतो, म्हणून वर्तमानपत्रांत छापून येण्यास ती उत्तम आणि काम होण्यास सर्वांत कच्ची. आमच्या खासदारांचा ओढा याच प्रहराकडे कां, तें आतां निराळें सांगावयास नको.

खासगी विधेयकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९७० नंतर एकहि खासगी विधेयक कायद्यांत रूपांतरित झालेलें नाहीं, आणि स्वातंत्र्यापासून त्यापूर्वींचीं सर्व मोजलीं तरी संख्या चौदाच भरते. असें असतां २०१८ च्या ऑगस्टमध्यें, हातकणंगल्याचे प्रतिनिधि असतांना, राजू शेट्टी यांनीं शेतकऱ्यांची कर्जमुक्ति आणि शेतमालास हमीभावाचा हक्क अशीं दोन विधेयकें लोकसभेंत मांडलीं. तीं मंजूर होणार नाहींत हें त्यांनाहि ठाऊक असलें पाहिजे. पण हमीभाव ही सरकारची मेहेरबानी नसून कायद्यानें मागण्याचा हक्क असावा, ही मागणी मोर्च्याच्या फलकावरून उतरून कलमांच्या भाषेंत लिहिली गेली. आज ना उद्यां ज्यास तसा कायदा करावयाचा असेल त्यास कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागणार नाहीं. हमीभावाच्या या मागणीशीं आम्ही सर्वांशीं सहमत नाहीं. प्रत्येक मालास प्रत्येक बाजारांत कायद्यानें दर बांधला तर खरेदी कोण करणार, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न खरा आहे व त्याचें उत्तर त्या विधेयकांच्या चर्चेंतच सांपडलें असतें. ती चर्चा पुरती झालीच नाहीं, ही आमची तक्रार.

आणि सभागृहांतील चर्चाच बंद पडली म्हणजे काय होतें याचे दोन दाखले ताजे आहेत. २०२० च्या सप्टेंबरांत महामारीचें कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यांत आला, आणि त्याच अधिवेशनांत शेतीविषयक तीन कायदे संमत झाले. पुढें वर्षभर दिल्लीच्या वेशींवर शेतकरी बसले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरांत ते तिन्ही कायदे रद्द झाले, तेहि चर्चेवांचून. करतांना घाई, मोडतांना घाई. ते चांगले होते कीं वाईट होते याची तपासणी देशाच्या सभेंत धडपणें झालीच नाहीं.

दुसरा दाखला आमच्याच जिल्ह्याचा. २०२३ च्या डिसेंबरांत हिवाळी अधिवेशन चालू असतां कांद्याची निर्यात बंद झाली, आणि उंसाचा रस व साखरेचा पाक यांपासून इथेनॉल करण्यावर त्याच सुमारास बंदी आली. कांहीं दिवसांनीं ती अंशतः सैल झाली. एकाच आठवड्यांत पुणें जिल्ह्याच्या दोन मुख्य पिकांवर घाव. त्यानंतर १३ तारखेस लोकसभेच्या सभागृहांत दोन तरुणांनीं प्रेक्षकांच्या सज्जांतून उडी टाकली. गृहमंत्र्यांनीं त्याबद्दल निवेदन करावें म्हणून विरोधी सभासदांनीं गदारोळ केला, आणि दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सभासद निलंबित झाले. १९ तारखेच्या यादींत बारामतीच्या सुप्रिया सुळे व शिरूरचे अमोल कोल्हे हीं दोन्ही नांवें होतीं. ज्यांच्या मतदारांचा कांदा अडला आणि ज्यांच्या कारखान्यांचें इथेनॉल थांबलें, त्या दोघांनाहि त्या अधिवेशनाच्या उरलेल्या दिवसांत सभागृहांत पाऊल ठेवतां आलें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं फौजदारी कायद्यांचीं तीन नवीं विधेयकें लोकसभेंत संमत झालीं. डिसेंबर सरतां सरतां हे दोन्ही खासदार शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन निघाले. मोर्चा काढणें हा त्यांचा हक्क. पण निर्यातबंदीचा हुकूम दिल्लींत निघाला होता व जाब दिल्लींतच विचारावयाचा होता. फलक घेऊन अध्यक्षांच्या समोर उभें राहणें हें आम्हांस पसंत नाहीं. परंतु शिस्तीच्या नांवाखालीं शंभर मतदारसंघांचें तोंड एकदम बंद करणें ही त्याहून कितीतरी मोठी बेशिस्त होय, आणि निवेदन करण्यास पांच मिनिटेंहि लागलीं नसतीं.

आतां प्रतिनिधींच्या अंगच्या एका दोषाविषयीं. दिल्लींत विचारलेल्या प्रश्नांपैकीं कित्येकांस, हा विषय राज्याच्या अखत्यारींतील आहे, असें एका ओळीचें उत्तर येतें. ही फजिती टाळतां येते. कालव्याचें आवर्तन कधीं सुटावें हा प्रश्न विधानसभेचा. पाणी राज्यांच्या सूचींत आहे. रेल्वे पूर्णपणें केंद्राची: लोणंद ते फलटण गाडी २०१९ सालीं धांवली, पण फलटण ते बारामती हा सुमारें ३७ किलोमीटरांचा तुकडा त्यानंतरहि रेंगाळला, आणि त्याबद्दल दर अधिवेशनांत विचारणें हें येथील खासदाराचें उघड कर्तव्य. नीरेच्या पाण्यास येणारा काळा रंग व दुर्गंधि यांची कांठच्या गांवांची तक्रार मात्र दोहोंच्या मध्यें पडते. जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा राज्यांच्या विनंतीवरून संसदेनें केला, महाराष्ट्रानें तो १९८१ सालीं स्वीकारला, अंमलबजावणी राज्याच्या मंडळाकडे व देखरेख केंद्राच्या मंडळाकडे. एक कांठ पुणें जिल्ह्यांत, दुसरा साताऱ्यांत. दोन मतदारसंघ, दोन खासदार. येथें दोघांनीं मिळून प्रश्न विचारल्याखेरीज, पलीकडल्यांना विचारा, हें उत्तर टळणार नाहीं.

याहून नाजूक गोष्ट खडकवासल्याची. २००८ च्या पुनर्रचनेनंतर दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर यांच्या जोडीस पुण्याच्या वेशींवरचा खडकवासला बारामती मतदारसंघांत आला. खडकवासला धरणसाखळींतील पाणी पुणें शहर पितें आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरचा कालवा चालतो. शहराचें सांडपाणी मुळा-मुठेंतून भीमेंत जाऊन उजनीच्या जलाशयांत, म्हणजे ज्यांचीं जुनीं गांवें त्या धरणांत बुडालीं त्या इंदापूरकरांच्या दारांत, जाऊन थांबतें. एकच खासदार दोन्ही टोकांचा. शहरांत पाणी वाढवून मागावयाचें आणि इंदापुरांत आवर्तन वाढवून मागावयाचें, हें निवडणुकीपुरतें जमतें. शहरानें घेतलेलें पाणी शुद्ध करून कालव्यास परत द्यावें, त्यासाठीं केंद्राच्या नदीसुधार निधींतून किती रक्कम आली व किती खर्ची पडली, हा प्रश्न मात्र दोन्ही टोकांस एकाच वेळीं हिताचा आहे, आणि तो दिल्लींतच विचारावयाचा आहे.

मतदारांचीहि यांत बाजू आहे. आमच्याकडे खासदाराच्या कचेरींत जाणाऱ्या कागदांत लग्नपत्रिका, बदलीचे अर्ज आणि दवाखान्याचीं शिफारसपत्रें हींच अधिक. सोसायटीनें, ग्रामपंचायतीनें अथवा आडत्यांच्या संघानें आंकडे व तारखा घालून तयार केलेला प्रश्न क्वचितच जातो. सांगवीच्या ग्रामसभेनें पुढील अधिवेशनापूर्वीं एवढें करून पाहावें: माळेगांवास गेलेल्या उंसाचीं बिलें किती दिवसांनीं मिळालीं व चौदा दिवसांवर विलंब झाला असल्यास व्याज आलें काय, साखरेचा किमान विक्रीदर उंसाच्या दराशीं कोणत्या सूत्रानें जोडणार, फलटण-बारामती लोहमार्गाची जमीन किती ताब्यांत आली, आणि नीरेच्या पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत व कोठें घेतले, असे चार प्रश्न मराठींत लिहून खासदाराकडे पोंचवावे. बारामतीच्या व्यापाऱ्यांनीं त्यावर आपल्या सह्या घालाव्या. पंधरा दिवसांची सूचना लागते, तेव्हां अधिवेशनाची तारीख जाहीर होतांच कागद निघाला पाहिजे. आलेलीं उत्तरें आम्ही या स्तंभांत छापूं.